मुसीवरचा पूल

गुलबानूंनी बॅगेत पांढरी ओढणी घातली, तिच्यावर अत्तराची कुपी ठेवली आणि दारात उभ्या असलेल्या थोरल्या मुलाकडे न पाहताच विचारले,

"विमानाचं काय झालं?"

"मस्कतहून जकार्ता, मा. तिथून दुसरं विमान पालेम्बांगला. पुढे खांबांवरची रेल्वे थेट पुलापाशी सोडते. पैलतीराला होडीनं." शरीफने बोटांवर तास मोजले. "कितीही यल्ला यल्ला केलं, तरी उद्याची दुपार."

"मग माती उद्या दुपारी होईल. सांग त्यांना."

शरीफने घड्याळ पाहिले. त्याचा धाकटा भाऊ इम्रान त्या शहरात मुसी नदीतून कोळशाचे पडाव ओढणाऱ्या टगबोटीवर कप्तान होता. आज पहाटे फजरच्या सुमारास तो झोपेतच गेला. मयत दुपार उतरतानाच्या, असरच्या नमाजानंतर उचलायची, असे तिथल्या वडीलधाऱ्यांनी ठरवले होते. तिकडची असर म्हणजे इथे मस्कतच्या मत्रह भागात भरदुपारच्या जोहरची बांग. ती व्हायला आता फार वेळ नव्हता.

गुलबानूंना ते शहर न पाहताच पाठ होते. इम्रानने त्यांना न विचारता तिथली मुलगी केली, तेव्हापासून फोनवर तिचे नाव काढायला बंदी होती. म्हणून तो दर जुम्म्याला नदीविषयी बोलत असे. समुद्रापासून शहर कितीतरी आत, तरी गलबते थेट वेशीपर्यंत येत. हजार वर्षांमागे तिथे राजधानी होती. वारा फिरेपर्यंत परदेशी व्यापारी मुक्कामाला राहत. पुढे अरबांनी काठावर बांधलेली लाकडी घरे अजून उभी होती. "त्यातल्याच एका घरात राहतो मी, मा," एवढ्यावर तो थांबे.

एकदा त्याने पुलाचे सांगितले. उंच जहाजांना वाट द्यावी म्हणून पुलाचा मधला भाग वर उचलत असत. पुढे वरची वर्दळ वाढली आणि उचलणे बंद झाले.

"मग जहाजांनी काय करायचं?"

"खालीच थांबायचं."

"पुलानं जागचं हलूच नये. तेच बरं," त्या म्हणाल्या होत्या.

शरीफने इम्रानच्या घरी फोन लावून त्यांच्या हाती दिला.

"सलाम, मा. मी नूरहयाती."

गुलबानू हुकूम सोडण्यासाठी सरसावल्या होत्या; पण त्या आवाजाला त्यांच्याच गावचा, रत्नागिरीच्या खाडीकाठचा हेल होता.

"सगळे घाई करतात, मा. मी त्यांच्या उशाशी बसलेय. म्हटलं, मा आल्याशिवाय कोणी हात लावायचा नाही."

"तुला ही बोली कुणी शिकवली?"

"त्यांनीच. म्हणायचे, मा एक दिवस येईल. तिच्याशी बोलायला घरात कुणीतरी हवं."

गुलबानू पलंगाच्या कडेवर टेकल्या.

"उकाडा आहे का गं तिथे?"

"आहे, मा. मी वारा घालतेय."

खिडकीबाहेर बांग सुरू झाली. गुलबानूंनी ती संपू दिली; तिकडे असर झाली होती.

"तुमच्याकडे बाया कबरस्तानात जातात?"

"जातात, मा."

"आमच्याकडे नाही जात. इम्रानच्या अब्बांच्या वेळी मी उंबऱ्यापर्यंतच गेले होते." त्यांनी बॅगेतल्या ओढणीचे टोक बोटाला गुंडाळले, सोडले. "उचलू दे त्यांना. माझ्यासाठी थांबू नका. माझ्या वाटणीची माती तू दे, बाळ."

पलीकडून नुसता श्वास ऐकू आला. गुलबानूंनी तो ऐकून घेतला आणि मग फोन खाली ठेवला.

शरीफ जवळ आला. "आता तिकडे पोहोचून तरी काय, मा? तिकीट रद्द करू?"

त्या उठल्या. कपाट उघडून त्यांनी घरात नेसायची जुनी सुती लुगडी काढली आणि एकेक करून बॅगेत रचू लागल्या.

"तिची इद्दत आहे; नवऱ्यामागं चार महिने दहा दिवस घरात बसायचं. बाईमाणसानं ती एकटीनं काढायची नसते."

"मग परतीचं कधीचं बघू?"

गुलबानूंनी बॅगेची चेन ओढली. ती मध्येच अडकली. त्यांनी गुडघा टेकून ती बंद केली.

"परतीचं काढू नकोस."