तेरा, चौदा, पंधराचा त्रिकोण

मित्रांनो, फळ्याशेजारच्या खिळ्याला टांगलेला तो जुना सागवानी गुण्या मीच. परभणीच्या एका कार्यशाळेत माझ्यावर रंधा फिरला, कडा घासल्या गेल्या, आणि माझा एक कोन नेमका नव्वद अंशांचा भरल्यावरच उस्तादांनी मला हातावेगळे केले. तिथून एसटीच्या टपावर बसून मी वालूरच्या एका माध्यमिक शाळेत आलो. ते साल १९८२ होते.

गणिताचे सिद्रामप्पा सर मोठे शिस्तीचे. पक्ष, साध्य, सिद्धता यांवाचून ते खडू उचलू देत नसत. शाळा सुटल्यावर दहावीची मुले सरावाला थांबत. मात्र त्यांना एक सवय जडली होती. त्रिकोण काढायचा म्हटला की मला फळ्यावर टेकवायचे आणि माझ्याच कडा गिरवायच्या. त्यामुळे प्रत्येक त्रिकोण काटकोनी निघे, आणि मुले डोळे झाकून पायथागोरसचा सिद्धांत लावून मोकळी होत.

याच सवयीने त्यांच्यातली पंचफुला सहामाहीत गणितात नापास झाली. त्यानंतर ती प्रत्येक त्रिकोणाच्या बाजूंचे वर्ग आधी ताडून पाहू लागली. घरी मात्र तिचा नापासाचा शेराच ठाऊक होता, ही नवी सवय नव्हे. तिचे वडील मुंजाजी शेतकरी. दिवाळीनंतर एके दिवशी सराव चालू असतानाच ते वर्गाच्या दारात उभे राहिले.

"सर, पोरीला गणित येत न्हाई. शाळा बस झाली आता."

"न्यायचं तर न्या. पण आधी एक उदाहरण बघा. बसा, मुंजाजीराव."

सरांनी शेत मोजण्याच्या जुन्या काठीच्या मापात फळ्यावर लिहिले : एका त्रिकोणी शेताच्या बाजू तेरा, चौदा आणि पंधरा काठ्या आहेत. क्षेत्रफळ काढा.

वर्गातला चुणचुणीत बन्सीधर टुणकन उठला. त्याने माझ्या कडा गिरवल्या, काटकोनाशी तेरा आणि चौदा मांडले, गुणाकार केला, निम्मे केले आणि ओरडला, "एक्क्याण्णव!"

"आसं कसं हुईल?" पंचफुला उभी राहिली. "तेराचा वर्ग आन् चौदाचा वर्ग मिळून तीनशे पासष्ट. पंधराचा वर्ग दोनशे पंचवीसच. इथं काटकोन न्हाईच की, सर!"

माझ्या अंगावर शहारा आला! तिने चौदाचा पाया धरून पट्टीने त्रिकोण काढला. माझी एक कड पायावर ठेवून मला हळूहळू सरकवले, आणि दुसरी कड शिरोबिंदूला भिडताच लंब टाकला. पायाचे दोन भाग झाले, क्ष आणि चौदा वजा क्ष. दोन्ही बाजूंना आता खरे काटकोन होते. खडू नुसता धावत होता. क्ष आला पाच. उंची आली बारा.

"चौऱ्याऐंशी, सर! चौऱ्याऐंशी चौरस काठ्या!"

"बरोबर!" सरांनी टेबलावर थाप मारली.

मुंजाजी खो-खो हसू लागले. "बन्सीधरा, शेजाऱ्याच्या सात काठ्या दाबल्यास की रे बाबा!"

"काका, शेजारी कोण हाय ते तर सांगा!"

हसू ओसरल्यावर मुंजाजी लेकीकडे वळले. "पंचे, सराव किती येळ ऱ्हातो?"

"दिस मावळूस्तोवर."

"थांब मग. म्हशीचं मी बघतो."

मार्चमधल्या बोर्डाच्या परीक्षेत पंचफुला गणितात उत्तीर्ण झाली. पुढे कोणीतरी मला स्टंप म्हणून मैदानात ठोकले, त्यात माझे एक टोक तुटले. काटकोन मात्र शाबूत आहे. मित्रांनो, तुमच्या शाळेत माझा एखादा भाऊबंद धूळ खात पडला असेल, तर त्याला फडक्याने पुसा, फळ्यापाशी न्या आणि सर्वांत मागच्या बाकावर बसणाऱ्याच्या हातात द्या. उत्तर सापडल्यावर त्याचा आवाज किती चढतो, ते ऐकायला मी आजही आतुर आहे!