गायत्रीअक्कांना विचारायचं

धाकटी जाऊ आरोही रोज सकाळी वही घेऊन कालव्याच्या चारीवर निघायची, आणि गायत्रीच्या पोटात चुलीआधी काहीतरी पेटायचं.

माकणी गावच्या पाणीवापर संस्थेला पाळ्यांचं अ‍ॅप हवं होतं. कुणाच्या रानात पाणी कधी, ते मोबाइलवर कळावं. सचिव बिभीषणराव दोघी जावांना म्हणाले होते, "दोघीबी करा. सोमवारी दाखवा. चालंल ते घेऊ."

घरातली इंजिनिअर गायत्री. दोन वर्षं पुण्यात नोकरी केलेली. आरोही मराठी घेऊन बीए झालेली, एआयकडून सॉफ्टवेअर करून घ्यायला मोबाइलवर बघून शिकलेली. गायत्रीनं एआय एजंटला चार ओळी सांगितल्या आणि जेवणाआधी अ‍ॅप उभं राहिलं, हिरवंगार, देखणं. आरोहीनं पाच दिवसांत कॉम्प्युटर उघडला नव्हता. रानोरान पाणी सोडणारे पाटकरी महालिंगप्पा, त्यांच्या मागं बांधाबांधानं हिंडायची, "मग काय करता?" विचारायची, लिहून घ्यायची.

"कादंबरी लिहायलीस का गं?"

"काय पाहिजे ते लिहायले, अक्का. मलाच कळल्याबिगर एजंटला काय सांगू?"

"आम्ही कंपनीत कोड लिहायचो. निबंध न्हाय."

"मला कोड येत असता तर मीबी तेच केलं असतं," आरोही हसली. त्या हसण्यात कुसळही नव्हतं. तेच गायत्रीला टोचलं.

शुक्रवारी महालिंगप्पा चहाला टेकले. गायत्रीनं अ‍ॅप दाखवलं.

"लई छान. पण शिवप्रसादच्या घरी मयत झालीय. त्याची पाळी?"

"आपोआप शेवटी जाते."

"न्हाय बाई. मयत झालेल्या घराचं रान वरच्या शेजाऱ्यानं आधी भिजवायचं, मग आपलं. बापजाद्यापासून हाय. आरोहीनं लिहून घेतलंय की."

गायत्रीनं एजंटला ते सांगितलं. त्यानं दुरुस्ती केली, आणि चारीच्या टोकाच्या शेताची पाळीच गायब झाली. तेही सांगितलं, तर वरच्याला दोनदा पाणी. चूक एजंटची नव्हती. तिलाच जे ठाऊक नव्हतं, त्याची ती ठिगळं लावत होती. हे कळत होतं म्हणून जास्त जळत होतं. आईच्या ओव्यांची चाल आपोआप ओठांवर आली:

पाटाच्या पाण्यावानी, जाऊ माझी पुढं गेली
माझ्या गं वाफ्यापाशी, माती कोरडी ऱ्हायली

शनिवारी रात्री आरोहीनं वहीवरून आपलं अ‍ॅप एजंटकडून करून घेतलं आणि रविवारी ती बाजाराला गेली. वही फळीवर होती. गायत्रीनं एकेका पानाचा फोटो काढला आणि एजंटला दिला. वाचलं मात्र एक अक्षर नाही. वाचलं असतं तर चांगलं आहे म्हणावं लागलं असतं.

अ‍ॅप नव्यानं उभं राहिलं. तिनं मयत तपासली, टोकाचं शेत तपासलं. दोन्ही बरोबर. बाकीचं बघायचा धीर झाला नाही.

सोमवारी संस्थेच्या कार्यालयात बिभीषणराव म्हणाले, "थोरल्या सूनबाई आधी." ते एकेक बटण दाबत, मान डोलवत गेले. 'चारी फुटली' असं एक बटण होतं. ते दाबलं आणि चष्मा सारखा करून मोठ्यानं वाचू लागले:

"चारी फुटली तर बुडालेली पाळी कुणाची? महालिंगप्पांनाबी नक्की सांगता येईना. गायत्रीअक्कांना विचारायचं. त्या हुशार हायत, त्यांना सुचंल."

वहीतलं वाक्य एजंटनं इमानानं पडद्यावर ठेवलं होतं.

"हे कुणी लिहिलं?"

आरोहीनं 'माझं' म्हटलं असतं तर गायत्रीला बरं वाटलं असतं. भांडता तरी आलं असतं.

"आरोहीनं," गायत्री म्हणाली. "वही तिची हाय. मी न विचारता घेतली."

बिभीषणरावांनी चष्मा काढला. "मग तिचं अ‍ॅप घेऊ. पण फुटल्या चारीचं काय?"

आरोहीनं वही पुढं सरकवली, वर पेन ठेवलं. "सांगा की, अक्का. जागा सोडलीय."

अर्धं पान कोरं होतं. गायत्री चारीवर कधी गेलीच नव्हती. वरच्या अर्ध्या पानावर आरोहीचं अक्षर सरळ, टपोरं, ज्वारीच्या दाण्यांसारखं. तेही तिला सोसलं नाही.

"महालिंगप्पा सकाळी किती वाजता निघत्यात?" तिनं विचारलं.