चौदा फेऱ्यांची चावी

माझ्या आडव्या मुठीला तांबडा रंग दिलेला आहे. उजव्या टोकावरून तो चार बोटे उडाला आहे आणि आतले लोखंड चकाकते. डाव्या टोकावर रंग बराचसा टिकून आहे. पाहणाऱ्याला यात विशेष काही वाटणार नाही. मला मात्र गेली दोन वर्षे या फरकाची भीती वाटते.

मित्रांनो, मी एक जुनी चावी आहे. कुलपाची नाही, पाण्याच्या वॉलची. मी कमरेइतकी उंच आहे. वर आडवी मूठ आणि खाली चौकोनी तोंड, एवढेच माझे शरीर. रिसोडच्या मुनाफमिस्त्रींनी मला एका मोडक्या पंपाच्या दांड्यापासून घडवले. ठिणग्या उडत होत्या तेव्हा मी खूप घाबरले होते. त्यानंतर बरीच वर्षे घाबरायची वेळ आली नाही.

रिठदच्या पुढे आमचे गाव आहे. उंचवट्यावर पाण्याची टाकी आणि तिच्याखाली उताराने वरची, मधली आणि खालची अशा तीन गल्ल्या. प्रत्येक गल्लीचा वॉल जमिनीतल्या एका खड्ड्यात आहे. तो पूर्ण उघडायला मला चौदा वेळा फिरवावे लागते, आणि तेही दोन्ही हातांनी.

मी कोणा एकाची नव्हते. दर सोमवारी मी एका घरातून दुसऱ्या घरात जात असे. ज्याची पाळी असेल तो मला घराबाहेरच्या खुंटीवर टांगत असे, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला मी दिसावी. आणखी एक नेम होता, आणि तो मला फार आवडायचा. ज्याच्या घरी चावी, त्याच्या गल्लीला पाणी सगळ्यांत शेवटी. हा नेम कोणी कागदावर लिहिला नव्हता, पण तो मोडलेला मी कधी पाहिला नाही. शेतकऱ्यांचे खरबरीत हात, बांगड्यांचे हात, शिवणकाम करणारे हात, सगळे मला ओळखीचे होते. माझी दोन्ही टोके तेव्हा सारखीच चकाकत.

मग एका वर्षी सोयाबीनची सोंगणी आणि पावसाचा अंदाज एकाच आठवड्यात आले. सगळे गाव पहाटेच शेतात जाऊ लागले. तेव्हा मी वरच्या गल्लीतल्या कस्तुराबाईंच्या घरी होते. पाणी सोडायला कोणाला सवड नव्हती. त्याच गल्लीतला हरीओम ग्रामपंचायतीचा सदस्य होता आणि त्याच्या शेतात मजूर होते. सोंगणी होईपर्यंत चावी आपल्याकडे द्या, असे तो म्हणाला. कस्तुराबाईंनी मला खुंटीवरून काढले आणि त्याच्या हाती दिले.

सोंगणी संपली. मळणीही झाली. मला कोणी परत मागितले नाही.

खरे सांगायचे तर सुरुवातीला सगळे सुखावले होते. पाणी ठरल्या वेळी येई. पाणी सुटले की हरीओम सगळ्यांना मोबाईलवर कळवी. मला तांबडा रंग त्यानेच दिला. लोक म्हणू लागले, पाळीची कटकट गेली, माणूस कामाचा आहे. कौतुक त्याचे होत होते आणि मीही फुशारले होते. ती माझी चूक झाली.

बदल इतके लहान होते की मोजल्याशिवाय कळले नसते. आधी मी बाहेरच्या खुंटीवरून आतल्या खोलीत गेले. मग कपाटात. वरच्या गल्लीला पाणी शेवटी मिळायचे, ते आता पहिले मिळू लागले. लोक त्याच्या दारात येऊन, "भाऊ, आज सोडता का?" असे विचारू लागले. जे त्यांचेच होते ते ते मागत होते, आणि मिळाले की आभार मानत होते.

मधल्या गल्लीतल्या पुंजाजींची जीभ तिखट. एकदा पारावर सगळ्यांसमोर ते म्हणाले, "हरीओम, देवळाची किल्ली बी तूच ठेव बापा. म्हंजे देव बी तुले इचारून आंघोळ करन."

सगळे हसले. हरीओमही हसला. दुसऱ्या दिवशी मधल्या गल्लीत पाणी आले नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. वॉल बिघडला, असे त्याने कळवले. वॉल बिघडला नव्हता. मला त्या खड्ड्यात उतरवलेच नव्हते. पुंजाजींनी त्यानंतर थट्टा केली नाही. त्यांचे पाहून इतरांनीही केली नाही.

खालच्या गल्लीतल्या लतीफाला मात्र गप्प बसता आले नाही. ती शिवणकाम करते. ग्रामसभेत तिने सरळ विचारले की आमच्या नळाला धार का नाही. तेव्हापासून खालच्या गल्लीचा वॉल चौदाऐवजी चारच फेरे उघडू लागला. चार फेऱ्यांना एक हात पुरतो. उजवा.

मित्रांनो, पाणी उताराकडे धावते. टाकीपासून सगळ्यांत खाली असलेल्या गल्लीत धार सगळ्यांत जोराची हवी. तिथेच नळ ठिबकत होता. हे निसर्गाचे काम नव्हते. हे माझ्याकडून करवून घेतले जात होते, आणि मला फिरायला नाही म्हणता येत नव्हते. ज्या हातात मी असते त्या हाताची मी होते. याचीच मला भीती वाटते.

लतीफा नाल्याकाठच्या उघड्या विहिरीचे पाणी भरू लागली. वैशाखात तिच्या मुलीला, सबिहाला कावीळ झाली. आठ दिवस ती वाशिमच्या दवाखान्यात होती. घरी आल्यावर तिला शुद्ध पाणी द्यायला डॉक्टरांनी बजावले होते. लतीफा हंडा घेऊन वरच्या गल्लीत कस्तुराबाईंकडे आली. त्यांनी हंडा भरून दिला आणि मान खाली घातली.

दुसऱ्या सकाळी कस्तुराबाई खालच्या वॉलपाशी येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी मला पुष्कळदा फिरवले होते. हरीओम फिरवत असताना त्यांचे ओठ हलत होते. एक, दोन, तीन, चार. पुढे काहीच नाही. हरीओमने मला उपसून खांद्यावर टाकले. वॉल जाम झाला आहे काकू, असे तो म्हणाला. त्या आपल्या घराकडे वळल्या. त्यांच्या घरची टाकी रोज काठोकाठ भरत होती. असे तीन आठवडे गेले. सबिहासाठी रोज एक हंडा वर येई आणि भरून खाली जाई.

तुम्ही मला तेल द्याल, गंज पुसाल, त्याबद्दल मी आभारी आहे. पण माझ्यासारख्या वस्तूची खरी निगा वेगळी असते. आम्हाला एका हातात फार दिवस राहू देऊ नका. हात चांगला असला तरी नको. आम्हाला दिसेल अशा जागी टांगा, आणि फिरवताना कोणीतरी जवळ उभे राहून फेरे मोजा.

काल ग्रामसभा झाली. हरीओमने मला टेबलावर आडवे ठेवले होते. त्याने ठराव वाचला. पाणी सोडण्याचा, बंद करण्याचा आणि नळजोडणी तोडण्याचा अधिकार पुढची पाच वर्षे त्याच्या एकट्याकडे राहील, आणि त्याबद्दल त्याला कोणाला विचारावे लागणार नाही. मंजूर असेल त्यांनी हात वर करावेत, असे तो म्हणाला. एकेक हात वर येऊ लागला. पुंजाजींचाही आला, कोपरापर्यंतच. लतीफा भिंतीला टेकून उभी होती. पाच वर्षे, म्हणजे सबिहा सोळा वर्षांची होईपर्यंत. टेबलाचा पत्रा गार होता. मला वाटले, आता संपले.

तेव्हा बायकांच्या बाजूने कस्तुराबाई उठल्या.

हरीओम समजुतीने म्हणाला, "काकू, तुमच्या घरी तं पाणी भरपूर येते. तुमाले काय तरास हाय?"

"भरपूर येते, म्हनूनच मी गप्प बसली," त्या म्हणाल्या. "चार फेरे मी सोता मोजले, तरी गप्प बसली. लेकरू पिवळं पडलं, तरी बी."

वर आलेले काही हात तसेच थांबले. कस्तुराबाई टेबलापर्यंत चालत आल्या आणि त्यांनी आपले दोन्ही हात माझ्यावर ठेवले.

"सोंगणीपुरती देली होती हरीओम, मीच देली होती. आता वापस नेऊन राह्यली. माह्यानंतरची पाळी लतीफाची होती. चावी आजपासून तिच्या घरी."