सातवा तुकडा

लॅपटॉपच्या काळ्या पडद्यावर एक पांढरा चौकोन लुकलुकत होता. सेकंदाला साधारण एकदा. तो लुकलुकतोय म्हणजे स्क्रिप्ट अजून वाट पाहतेय, आणि स्क्रिप्ट वाट पाहतेय तोवर आपणही पाहिली तर बिघडत नाही, असं धाकटीनं स्वतःपुरतं ठरवून टाकलं होतं.

"आलं का तुमच्या बेडूकवाल्याचं?" ओट्याशी उभ्या वहिनीनं विचारलं.

"उभयचरांचा अभ्यासक म्हणतात, वहिनी."

"तेच ते. दलदलीत बसून डराव डराव ऐकणारा."

धाकटी संग्रहालयात प्राण्यांच्या आवाजांचा साठा सांभाळायची. बेडूकवाला ज्या संशोधन ठाण्यावर होता, तिथलं इंटरनेट इतकं अशक्त की अख्खी फाइल कधी पोचायचीच नाही. म्हणून तो एकेका ध्वनिमुद्रणाचे तुकडे करून पाठवायचा. धाकटीची स्क्रिप्ट, म्हणजे तिनं लिहिलेला छोटासा प्रोग्रॅम, ते तुकडे उतरवून घ्यायची, प्रत्येक धड आहे का ते तपासायची, सगळे जोडायची आणि बेडकाच्या जातीच्या फोल्डरात नेऊन ठेवायची. स्क्रिप्टमध्ये तिनं एक कडक नियम घातला होता: एक जरी तुकडा कमी असला, तरी बाकीच्यांना हात लावायचा नाही.

घोडं इथेच अडलं होतं. ठाण्यावर जाण्यापूर्वी त्यानं संग्रहालयाच्या जिन्यात तिला विचारलं होतं, "आपण लग्न करायचं का?" आणि ती म्हणाली होती, "हंगामाची सगळी मुद्रणं जागेवर पडू देत, मग सांगते." त्याला वाटलं, कामाचा व्याप असेल. घरात कुणालाच तसं वाटलं नाही.

आता हंगाम संपला होता. शेवटच्या मुद्रणाचा सातवा तुकडा तेवढा येत नव्हता. आणि आज सकाळी त्याचा निरोप आला होता: पुढचं वर्षही इथेच राहणार का, असं ठाण्यावर विचारतायत. संध्याकाळपर्यंत सांगायचंय. तुझं काही आलं नाही, तर राहतो म्हणेन.

"नसेल येत तुकडा तर सोडा की," वहिनी म्हणाली. "दात पडला म्हणून कुणी हसायचं थांबतं का?"

"शास्त्रात असं चालत नाही."

"ताकाला जायचं नि भांडं लपवायचं, हे चालतं वाटतं शास्त्रात?"

आई पलीकडे कपड्यांच्या घड्या घालत होती. एक टॉवेल तिनं गरजेपेक्षा जास्त जोरात झटकला.

धाकटीनं नियमाची ओळ खोडली. स्क्रिप्टनं निमूटपणे उरलेले तुकडे जोडून दिले. एरवी सुरुवातीचं थोडं ऐकून ती फाइल बंद करायची, कारण पुढे पुढे तो अधूनमधून बोलायचा, आणि त्याचा आवाज ऐकायचं तिला धाडस होत नव्हतं. आज तिनं मुद्रण चालू ठेवलं.

"पाणी गार आहे," तो हळू आवाजात सांगत होता. "पहिला नर ओरडायला लागलाय. मादी अजून दिसत नाही." मग डराव डराव. आणि लगेच, "अंडी घालून झाली. सगळे गप्प झालेत. मी निघतो आता." पुन्हा डराव डराव. "दुसरा नर आला. मादी अजूनही दिसत नाही."

वहिनीच्या हातातली पळी तशीच राहिली. "अगं बाई. आधी बाळंतपण आणि मग स्थळं बघणं?"

"आधी कळस, मग पाया," आई म्हणाली.

धाकटीच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. चूक तिला तत्क्षणी कळली. संगणक नावं अक्षरांप्रमाणे लावतो. त्याच्या लेखी एकनंतर दहा, मग अकरा, बारा, आणि मग कुठे दोन. प्रत्येक तुकडा धड आहे की नाही हे ती डोळ्यांत तेल घालून पाहत होती, क्रमाकडे मात्र पाहिलंच नव्हतं.

"म्हणजे हंगामभराची सगळी लांब मुद्रणं उलटसुलट झालीयत," ती पुटपुटली.

"वा." वहिनी समोरची खुर्ची ओढून बसली. "म्हणजे आता सगळं पहिल्यापासून. चांगलं वर्षभर पुरेल. कळवून टाका त्याला, सावकाश ये म्हणावं."

धाकटीनं वर पाहिलं. वहिनी हसत नव्हती.

मूळ तुकडे पुसायचे नाहीत, हा धाकटीचा दुसरा नियम. त्यामुळे ते सगळे जागेवर होते. क्रम आकड्यांनुसार लाव, असं सांगणारा एकच शब्द तिनं स्क्रिप्टमध्ये वाढवला आणि बटण दाबलं. एकेक फोल्डर सरळ होत गेलं. वहिनीनं चहाचं आधण ठेवलं, ते उकळायच्या आत हंगाम जागेवर पडला होता.

तिनं शेवटचं मुद्रण पुन्हा लावलं. नर ओरडले, मादी आली, अंडी झाली, तो निघाला. सहाव्यानंतर आठवा तुकडा कधी सुरू झाला, ते कुणालाच कळलं नाही.

"सातवा कुठे होता यात?" आईनं विचारलं.

"नव्हताच," धाकटी म्हणाली, आणि तिनं फोन उचलला.

त्याचा आवाज तुटत तुटत आला. "बोल. तुकडा मिळाला का?"

"नाही. पण मी सांगतेय."

"काय? रेंज नाहीये. जरा मोठ्यानं."

धाकटी जन्मात कधी मोठ्यानं बोलली नव्हती. शाळेत हजेरीला 'हजर' म्हणायची तेही बाकावरच्या मैत्रिणीला बाईंना ओरडून सांगावं लागायचं. ती उठून खिडकीपाशी गेली. खाली सायकल पुसणाऱ्या शेजाऱ्यानं मान वर केली. मागे वहिनीनं हळूच गॅस बंद केला.

"तिथे राहू नकोस," धाकटी साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "परत ये. आपण लग्न करतोय."