कमळाची पाल

मित्रांनो, आलापल्लीच्या रानातल्या सागाचा मी एक पाळणा. आता माझ्यात फुटका कंदील आणि जुनी पोती असतात. बोलायची मला सवय नाही. आमचा आवाज आला की लोक तेल घालतात. त्यामुळे मला हे नीट सांगता येईल की नाही, याची शंकाच आहे. पण एक गोष्ट इतकी वर्षं आत सलते आहे, ती एकदाची सांगतो.

मला अयूब मिस्त्रीने १९५४ साली बनवलं. सरकारी लाकूड डेपोतले कारकून देवाजी यांना मुलगी झाली होती, तिच्यासाठी. मिस्त्रीने माझ्या चार कोपऱ्यांवर चार पोपट कोरले. एकाची चोच जरा वाकडी झाली, तरी येणारा जाणारा मला हात लावून कौतुक करी.

मुलीचं नाव कमळा. तिची आई रुखमाबाई बाळंतपणानंतर हिवतापाने जी आजारी पडली, ती दोनेक वर्षं उठत-पडतच होती. म्हणून जवळच्या टोल्यावरची, म्हणजे पाड्यावरची, बुधरी नावाची गोंड बाई कमळाला सांभाळायला येऊ लागली.

बुधरीला मराठी बेताचं यायचं. ती कमळाशी गोंडीत बोलायची, आणि दिवसभर बोलायची. भांडं घासताना भांड्याविषयी, कोंबडी हाकताना कोंबडीविषयी. बोलून झालं की ती थांबायची. कमळाने नुसता लाळेचा फुगा काढला, तरी ते उत्तर धरून पुढचं बोलायची. मूल बोलायला शिकतं ते त्या थांबण्यात, असं मला वाटतं. मी लाकूड आहे, चुकतही असेन.

देवाजींची तऱ्हा निराळी. त्यांनी चांद्याहून अंकलिपी आणली होती. कचेरीतून आले की टोपीसुद्धा न काढता माझ्यापुढे उभे राहत.

"म्हण, अ अननसाचा."

दीड वर्षाची कमळा त्यांच्या टोपीकडे बघे.

"म्हण न. अननस."

"तुमी तरी पाह्यला का अननस?" रुखमाबाई अंथरुणातून विचारी.

"पुस्तकात हाये न."

मित्रांनो, मला तेव्हा काय वाटायचं ते कसं सांगू? ज्या पोरीला अजून शेंबूड पुसता येत नाही, तिची रोज परीक्षा. आणि उत्तरासाठी थांबणं तर नाहीच. अननस झाला की आंबा, आंब्यानंतर इमारत. आलापल्लीत तेव्हा इमारत म्हटलं की लोक इमारती लाकूड समजून सागाच्या ओंडक्यांकडे बोट दाखवत.

पोर दोन वर्षांची झाली, तेव्हा देवाजींची मोठी बहीण चंदाबाई ब्रह्मपुरीकडून राहायला आली. ती कमळाशी बोलायची ते असं: "माजी शोनी ती, भुकू लागली का गं तुले, मम्मं कलायचं का?" धडधाकट बाई. भाजीवाल्याशी भांडताना तिची जीभ कात्रीसारखी चाले. पोरीपुढे आली की ती बोबडी का होई, हे मला कधीच कळलं नाही.

एका सकाळी, बुधरी यायच्या आधी, कमळा माझी दोरी धरून उभी राहिली आणि स्पष्ट म्हणाली, "पाल."

चंदाबाईने वर पाहिलं. "कुठी हाये वो पाल?"

"पाल," कमळा पुन्हा म्हणाली.

चंदाबाईने झाडू आणला. भिंत झोडली, ट्रंक सरकवली, मलाही दोन फटके बसले. पाल निघाली नाही. दुपारी बुधरी धुण्याला गेली असताना तेच. दुसऱ्या दिवशी तेच. पोर पाल म्हणे, आत्या झाडू घेई, पोर रडे.

आता चंदाबाईच्या मनातली पाल चुकचुकली. "देवाजी, पोरीले काई तरी दिसते रे. मले तं एकबी पाल दिसत नाई. ते बुधरी तिच्या कानाशी काय पुटपुटत राह्यते दिवसभर?"

"गोंडी बोलते, बाई."

"कोणाले समजते ते? पोरीची जीभ बांधली तिनं. अननस म्हणत नाई, पाल म्हणते."

रुखमाबाई म्हणाली, "बाई, हिवतापात तिनंच माहा जीव वाचवला." पण तिच्या आवाजात जोर नव्हता. देवाजींनी मान खाली घातली आणि बुधरीला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं.

मी करकरलो. दुसरं काय करणार? दुधाची वाटी चुलीपाशी होती. पोर तिकडे बोट करत होती. तीन मोठी माणसं भिंतीकडे बघत होती.

त्यानंतर कमळा बोलेनाशी झाली. पाल नाही, आई नाही, काहीच नाही. चंदाबाईने वेखंड उगाळून तिच्या जिभेला लावलं. शेजारणी येऊन सांगून जात, पोरगी मुकीच राहील. रुखमाबाई ऐकून तोंड फिरवून घेई. पोरीने बोलायचं सोडून दिलं होतं, कारण बोललं की झाडू निघतो एवढं ती शिकली होती.

माझी करकर वाढली, म्हणून तीन आठवड्यांनी अयूब मिस्त्रीला बोलावलं. तो खुंटी ठोकत होता. रुखमाबाईने त्याच्या चहासाठी दुधाचं पातेलं उघडलं. कमळा हळूच पुढे आली. चोरट्यासारखी म्हणाली, "पाल."

चंदाबाई झाडूकडे धावली.

"बाई, झाडू काऊन उचलला?" मिस्त्रीने विचारलं.

"ऐकलं नाई का? पोरीले पाल दिसते."

मिस्त्रीने हातोडी खाली ठेवली. "ते पोरगी दूध मांगून राह्यली, बाई. गोंडीत दुधाले पालच म्हणतेत. बीस साल झाले मले या जंगलात."

रुखमाबाईने वाटी भरली. कमळाने ती एका दमात संपवली आणि पुन्हा पुढे केली. चंदाबाई झाडू हातात धरून तशीच उभी होती.

देवाजी त्याच दिवशी टोल्यावर गेले. बुधरी बांबू तोडायच्या कामावर दूर गेली होती. पुन्हा दोनदा गेले. ती आली नाही. काऊन यावं तिने?

कमळा मात्र बोलू लागली, कारण आता घरातले सगळे तिचं ऐकून घेत होते. चार वर्षांची होईतो तिच्या मराठीने घर डोक्यावर घेतलं. माझ्यात ती बाहुल्या झोपवी.

एका बाजाराच्या दिवशी बुधरी दारात आली. कमळाला पाहून ती खाली बसली, दोन्ही हात पसरून तिला जवळ बोलावत गोंडीत म्हणाली, "हिके वा."

कमळा आईच्या लुगड्यामागे लपली. "आई, हे बाई काय म्हणून राह्यली?"

बुधरीचे हात तसेच राहिले. मग तिने आठवून आठवून, एकेक शब्द जुळवत मराठीत विचारलं, "दूध... पिते का, बाई?"

"पितो न," कमळा म्हणाली.

मित्रांनो, तुमच्या घरी बोलू लागलेलं मूल असेल, तर त्याच्याशी बोला आणि मग थांबा. ते काय म्हणालं ते कळलं नाही, तर भिंतीकडे बघू नका, त्याच्या बोटाकडे बघा. तरीही नाही कळलं, तर ज्याला कळतं त्या माणसाला विचारा. त्याला दारातून घालवू नका.