दुसरी आवृत्ती

पोस्टमास्तरांनी दोरीचं टोक दातांत धरून गाठ आवळली आणि गळ पुन्हा पाण्यात सोडला. बोटं गारठली होती. पावसाळा सरून नदी निवळली होती, काठावरची झाडं पिवळी पडायला लागली होती, आणि या दिवसांत प्रवाहाच्या मधोमध जो लांबट, सपाट खडक उघडा पडतो त्यावर ते आणि त्यांचे व्याही सकाळपासून बसले होते.

खडकापर्यंत यायला दगडांची एक वेडीवाकडी रांग होती. व्याहींचा एक गुडघा ऑपरेशन करून बदललेला, म्हणून येताना पोस्टमास्तरांनी त्यांना हाताला धरून आणलं होतं. "मुलगी दिलीत, आता हातही देताय," असं म्हणत व्याही हसत हसत एकेक दगड ओलांडून आले होते.

व्याहींची जन्मभर लाँड्री होती. माणूस मोकळा, आवाज खणखणीत. मासेमारीतलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. ते यायचे ते पोस्टमास्तरांच्या शेजारी बसायला मिळतं म्हणून. आपला व्याही लेखक आहे, याचं त्यांना भारी अप्रूप होतं.

निवृत्त झाल्यावर पोस्टमास्तरांनी 'गळ आणि गाळ' नावाचं पुस्तक लिहिलं होतं. अर्धं मासे पकडण्याबद्दल, अर्धं सरकारी उधळपट्टीबद्दल. नदीकडे पाठ करून बसवलेले बाक, दरवर्षी उखडून पुन्हा तसाच घातलेला घाट, उद्घाटनाच्या मांडवाखालीच खचलेला पूल. एकाही प्रकाशकाने उत्तर दिलं नाही, तेव्हा त्यांनी ते स्वतःच छापलं. कागद स्वतः निवडला, मुद्रितं स्वतः तपासली, प्रती स्वतः पिशवीतून दुकानोदुकानी नेऊन ठेवल्या. स्टेशनरीच्या दुकानात ते कितीतरी दिवस वह्यांच्या मागे पडून होतं. मग व्याहींनी मनावर घेतलं. लग्न असो, बारसं असो, नाहीतर दवाखान्यातली रांग, व्याही खिशातून पुस्तक काढायचे आणि एक पान वाचून दाखवायचे. नेहमी तेच पान. ऐकणारा हसायचा आणि प्रत मागायचा. असं करत करत आवृत्ती संपली.

आताही ते समोरच्या काठाकडे हनुवटी करून म्हणाले,

"बघा, उभा आहे तुमचा हिरो."

समोर वळणावर सरकारचा उंच खांब होता. वरच्या धरणातून पाणी सोडण्याआधी त्यावरचा भोंगा वाजावा आणि नदीतल्या माणसांनी बाहेर पडावं, अशी योजना. बसवल्यापासून तो एकदाही वाजला नव्हता. पाणी यायचं ते न सांगताच यायचं.

व्याहींनी घसा साफ केला. पुस्तकाची गरज नव्हती, पान पाठ होतं.

"'एवढा खर्च करून नदीकाठी नेमलेला हा सरकारचा सर्वांत शांत नोकर. बाकीचे निदान जांभई तरी देतात!'" आणि स्वतःच मांडीवर थाप मारून हसले. "काय लिहिलंय हो! जांभई तरी देतात!"

खालच्या अंगाला, मांडीभर पाण्यात उभा असलेला घड्याळवाला मागे वळून हसला. बाजारात त्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. त्याचा मेहुणा काठाजवळ जाळीतले मासे बादलीत टाकत होता. दोघांकडेही पुस्तक होतं.

पोस्टमास्तर पाण्यावर तरंगणाऱ्या बुचाकडे बघत राहिले.

मागच्या महिन्यात धरणावरची नवी इंजिनियर त्यांच्या घरी आली होती. तिशीतली मुलगी, स्कूटरवरून. ती आता तक्रार करणार, या तयारीने पोस्टमास्तर ताठ बसले होते. पण ती हसतच आत आली.

"काका, तुमचं ते पान मी ऑफिसात मोठ्याने वाचलं. साहेबांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. पण पैसे मंजूर झाले! वायर बदलल्या, पॅनेल नवं बसवलं. आता वाजतो."

"अरे वा," पोस्टमास्तर म्हणाले होते.

"नदीवरच्या मंडळींना तेवढं सांगाल? आमचं कोण ऐकतंय. तुमचं ऐकतील. आणि पुढच्या आवृत्तीत एक ओळ टाकता आली तर बघा. तळटीप म्हणून."

"पानं छापायला गेलीत हो," ते म्हणाले होते. तपासायची मुद्रितं समोरच टेबलावर पडली होती. पत्नीने चहा आणला तेव्हा त्यांनी तो ट्रे हातातून घेतला आणि मुद्रितांवर ठेवला.

तळटीप टाकली तर पान मेलं असतं. वाचून संपल्यावर कोण हसणार, खाली 'आता दुरुस्ती झाली आहे' असं लिहिलेलं असताना? नदीवर सांगायचं मात्र त्यांच्या मनात होतं. अगदी नक्की होतं. पण आले की कुणीतरी तेच वाक्य म्हणायचं, सगळे हसायचे, आणि त्या हसण्यात तोंड घालायचं त्यांच्या जिवावर यायचं. नाहीतरी या दिवसांत पाणी सोडतात कुठे, असं ते स्वतःला सांगायचे.

काल रात्रभर मात्र डोंगराकडे विजा चमकत होत्या.

"व्याही," पोस्टमास्तर म्हणाले, "त्या खांबाचं एक सांगायचं राहिलंय..."

"बूच! बूच बुडालं!" व्याही ओरडले.

पोस्टमास्तरांनी गळाची काठी उचलली. दोरी ताणली गेली, काठी वाकली आणि पुढचा सगळा वेळ त्या माशाने घेतला. व्याही त्यांच्या पाठीमागून सूचना देत होते, सगळ्या चुकीच्या. मासा खडकाजवळ आला, चांदीसारखा एकदा उलटला आणि दोरी तोडून गेला.

"गेला!" व्याही हळहळले. "हं, काय म्हणत होतात?"

आणि भोंगा वाजला.

आधी खोल, घोगरा आवाज आला, एखादं मोठं जनावर झोपेतून उठत असल्यासारखा. मग तो चढत गेला. पलीकडच्या झाडांवरून पाखरांचा थवा उडाला.

व्याहींच्या चेहऱ्यावर निव्वळ आनंद पसरला.

"अहो! जांभई दिली! शेवटी जांभई दिली हो!"

"पोस्टमास्तर!" घड्याळवाल्याने पाण्यातूनच हात उंचावला. "तुमचा नोकर उठला बघा!" त्याचा मेहुणा बादली सोडून हसत होता.

पोस्टमास्तरांनी काठी खाली ठेवली.

"व्याही, उठा."

"बसा हो. वायरीला वायर लागली असेल. तुम्हीच तर लिहिलंय, सरकारी खात्यात एकतर—"

"उठा म्हणतो ना!"

मुलीच्या लग्नापासून आजवर ते व्याहींशी या आवाजात बोलले नव्हते. व्याही त्यांच्याकडे बघत राहिले. हसू अजून तोंडावर होतं, पण आता त्याला आधार उरला नव्हता. पोस्टमास्तरांनी त्यांच्या काखेत हात घालून त्यांना उभं केलं.

"बाहेर व्हा!" त्यांनी खालच्या दोघांना ओरडून सांगितलं. "पाणी येतंय! खरंच येतंय!"

घड्याळवाल्याने कानाला हात लावून न ऐकू आल्याचा अभिनय केला. भोंग्याच्या आवाजात शब्द पोचले नसतील, किंवा पोचून गंमत वाटली असेल. पोस्टमास्तरांना दोन्ही हात हवे होते. त्यांनी पुन्हा हाक मारली आणि व्याहींना पहिल्या दगडावर उतरवलं.

दगड तेच होते, पण आता त्यांच्या कडांवर पाणी चढू लागलं होतं. नितळ पाणी गढूळ झालं. पिवळ्या पानांचा एक मोठा पुंजका गर्रकन फिरत पुढे गेला, मागोमाग फांद्या आल्या. वळणापलीकडून घरघर ऐकू येऊ लागली, लांबून मालगाडी यावी तशी.

"गुडघा वळत नाही हो," व्याही म्हणाले. आवाज बारीक झाला होता.

"वळवू नका. सरळ टाका पाय. माझ्याकडे बघा."

मधल्या दगडावर व्याही घसरले. पोस्टमास्तरांनी त्यांचा पट्टा धरला आणि स्वतः पाण्यात उतरले. कमरेपर्यंत गार पाण्याचा दणका बसला. पायाखालची वाळू सरकत होती. त्यांनी व्याहींना खांद्याने ढकलत ढकलत काठाला लावलं. व्याही हातापायांवर रांगत चिखलातून वर गेले आणि एका झाडाला मिठी मारून बसले.

पोस्टमास्तर थांबले नाहीत. काठाकाठाने ते खाली धावले.

मेहुणा वर आला होता. घड्याळवाला मात्र गळांची पेटी उचलायला वळला होता. हसण्यात जेवढा वेळ गेला तेवढाच वेळ त्याच्याकडे होता. त्यांच्या डोळ्यांदेखत पाण्याने त्याचे पाय उचलले. डोकं बुडालं, वर आलं, पुन्हा बुडालं. नदीत वाकलेल्या एका झाडाच्या मुळ्या त्याच्या हाताला लागल्या आणि तो तिथे लोंबकळत राहिला, तोंड उघडं, आवाज नाही.

"धरून ठेवा!" मेहुणा रडतच ओरडत होता. "भावजी, सोडू नका!"

पोस्टमास्तर मुळ्यांवर पालथे पडले. मेहुण्याने त्यांचे पाय धरले. घड्याळवाल्याचं मनगट हाताला लागलं, सुटलं, पुन्हा लागलं. तिघांनाही नंतर सांगता आलं नसतं की तो नेमका वर कसा आला. आला एवढं खरं. बराच वेळ तो कुशीवर पडून पाणी ओकत होता आणि मेहुणा त्याची पाठ चोळत होता.

ते ज्या खडकावर बसले होते, तिथे आता नुसता पाण्याचा फुगवटा दिसत होता.

व्याही झाडांना धरत धरत तिथवर आले. चिखलाने माखलेले, एका पायात बूट नाही. घड्याळवाला जिवंत आहे हे पाहून ते मटकन खाली बसले आणि पोस्टमास्तरांचा हात त्यांनी दोन्ही हातांत घेतला.

"काय माणूस आहे हा!" ते मेहुण्याला म्हणाले. "आम्ही खिदळतोय आणि ह्यांना बरोबर कळलं! नदी ओळखतात हो, नदी! आज हे नसते तर..."

पोस्टमास्तरांनी हात सोडवून घेतला नाही.

रस्त्यावर जीप थांबली. इंजिनियर मुलगी उतरून उताराने जवळजवळ धावतच आली.

"सगळे बाहेर आहेत ना? कुणी आत नाही ना?"

"नाही, आलो सगळे," मेहुणा म्हणाला.

तिने चौघांकडे पाहिलं. चिखल, ओकारी, घड्याळवाल्याचं सोललेलं मनगट. मग पोस्टमास्तरांना ओळखून तिने सुटकेचा श्वास टाकला.

"काका, तुम्ही होतात! बरं झालं. माझ्या जिवात जीव नव्हता. म्हटलं आज पहिल्यांदा वाजवतोय, लोकांना खरं वाटतंय की नाही." ती बाकीच्यांकडे वळली. "मी मुद्दाम काकांच्या घरी जाऊन सांगून आले होते, मागच्या महिन्यातच. भोंगा दुरुस्त झालाय, नदीवर सगळ्यांना सांगा म्हणून. सांगितलं होतं ना यांनी तुम्हाला?"

घड्याळवाल्याने मान वर केली. मेहुण्याचा पाठीवरचा हात थांबला. पोस्टमास्तरांनी ओठ ओले केले. शब्द जुळवायला लागले तेव्हा त्यांना जाणवलं की आपला हात मोकळा झालाय.

"सांगितलं होतं," व्याही म्हणाले.

इंजिनियरने त्यांच्याकडे पाहिलं.

"सांगितलं होतं ह्यांनी," व्याही जमिनीकडे बघत म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यासारखाच खणखणीत होता. "आम्हीच चेष्टेवारी नेलं."

घड्याळवाला काहीतरी बोलणार होता. त्याने व्याहींकडे पाहिलं, मग पोस्टमास्तरांकडे, आणि मग खाली वाकून बुटातलं पाणी ओतायला घेतलं.

"असं करू नका हो," ती कळवळून म्हणाली. "यापुढे वाजला की निघायचं." तिने घड्याळवाल्याला आणि मेहुण्याला जीपमधून दवाखान्यात नेते म्हणून सांगितलं आणि घड्याळवाल्याला आधार देत ती चढ चढू लागली.

पोस्टमास्तर आणि व्याही मागे राहिले. गाडी थोडी लांब, झाडांखाली लावली होती. पोस्टमास्तरांनी हात पुढे केला. व्याहींनी एक वाळकी फांदी उचलली आणि तिच्यावर भार देत ते चालू लागले. एका पायात बूट, एक पाय अनवाणी. पोस्टमास्तर त्यांच्या मागून चालले, पडलेच तर धरता यावं इतक्या अंतरावर.

"व्याही," वाटेत ते एकदा म्हणाले.

"काटे आहेत. खाली बघून चाला," व्याही म्हणाले.

गाडीशी पोचल्यावर पोस्टमास्तर पुढे झाले आणि त्यांनी चालकाशेजारचं दार उघडून धरलं. गुडघ्यामुळे व्याहींना तिथेच ऐसपैस बसता येई.

व्याही त्या उघड्या दाराला वळसा घालून गेले. त्यांनी मागचं दार उघडलं. मागच्या सीटवर नव्या आवृत्तीचे गठ्ठे होते, ते सरकवून जागा केली. मग ऑपरेशनचा पाय दोन्ही हातांनी उचलून आत घेतला आणि दार लावून घेतलं.

पोस्टमास्तरांनी पुढचं दार लावलं, आपल्या जागेवर येऊन बसले आणि गाडी सुरू केली.