सातचा निरोप

"सिस्टर, काल मेसेज नाही आला. बाबा बरे आहेत ना?"

"बरे आहेत हो. आत्ताच दोनदा मागून जेवले."

"मग मेसेज का नाही आला?"

ते मला माहीत असतं तर सकाळपासून अकरा जणांना 'बघते, कळवते' असं कशाला सांगितलं असतं? फोन ठेवला की पुन्हा वाजत होता. बारावा फोन आला तेव्हा माझ्या एका हातात पाण्याचं भांडं होतं आणि दुसऱ्या हाताला एक आजी धरून उभ्या होत्या.

आमच्या वृद्धाश्रमात चौदा माणसं राहतात आणि मी त्यांची सिस्टर. नोकरीला बावीस वर्षं झाली. रोज संध्याकाळी सात वाजता प्रत्येकाच्या घरी मोबाईलवर एक ओळ जायची. जेवले, झोपले, बरे आहेत, एवढंच. तीन वर्षांपूर्वी मॅनेजरसाहेबांनी इंटरनेटवरच्या कुठल्याशा फुकट सेवेवर ही सोय बसवली होती. मी टॅबवर प्रत्येकाच्या नावापुढे चार खुणा करायच्या की सातच्या ठोक्याला वाक्य तयार होऊन आपोआप जाणार. गंमत म्हणजे खुणा केल्या नाहीत तरी ते जायचंच. साहेबांनी पाच वाक्यं भरून ठेवली होती, त्यातलं एखादं यंत्र आपलं आपण उचलायचं. हे लक्षात आल्यावर मी खुणा करायचं हळूहळू सोडूनच दिलं. खोटं कशाला बोलू? चौदा जणांच्या गोळ्या, आंघोळी आणि रुसवेफुगवे सांभाळताना एक काम आपोआप होतंय म्हटल्यावर मी त्याच्याकडे पाठ फिरवली.

दुपारी मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले. ते कॉम्प्युटरसमोर चष्मा कपाळावर चढवून बसले होते.

"मोफत योजना संपली म्हणतायत," ते म्हणाले. "आता दर महिन्याला पैसे भरा, नाहीतर बंद."

"आपलं काही चुकलं का?"

"आपलं काय चुकणार? त्यांनी नियम बदलला."

"मग इतकी वर्षं फुकट कशाला देत होते?"

"सवय लागावी म्हणून असेल," साहेब म्हणाले आणि डोकं खाजवायला लागले. "पैसे भरायचे तर समितीची मंजुरी लागते. समिती बसणार पुढच्या महिन्यात. आणि हे बघा, उद्या दुपारी बारा वाजता जुनं सगळं पुसून टाकणार म्हणे."

"पुसू देत. जुनं घेऊन काय करायचंय?"

तेवढ्यात मला पडद्याच्या कोपऱ्यात लाल आकडा दिसला. दोन हजार तीनशे सोळा. त्याच्या शेजारी लिहिलं होतं, 'आलेले निरोप'.

"हे काय आहे हो?"

"आपण पाठवलेले असतील."

"'आलेले' लिहिलंय, साहेब."

त्यांनी त्यावर क्लिक केलं. तीन वर्षं आमच्या ओळीला लोक उत्तरं देत होते, ती सगळी तिथे साठली होती. एकही उघडलेलं नव्हतं.

"मला वाटलं तुम्ही बघता," साहेब म्हणाले.

"मला तर असं काही असतं हेच ठाऊक नव्हतं."

बहुतेक ठिकाणी 'धन्यवाद' होतं, नाहीतर अंगठ्याचं चित्र. माझा जीव जरा भांड्यात पडला. मग साहेबांनी आणखी खाली नेलं आणि एकच नंबर पुन्हा पुन्हा यायला लागला. कोपऱ्यातल्या खोलीतल्या बाईंच्या मुलाचा.

बाई म्हणजे निवृत्त शिक्षिका. वय ब्याऐंशी. कानांनी जवळजवळ काहीच ऐकू येत नाही, त्यामुळे फोनवर बोलणं शक्य नाही. मी त्यांच्याशी पाटीवर लिहून बोलते आणि त्या माझं अक्षर बघून नाक मुरडतात. मुलगा दूर, दुसऱ्या देशात. सात वाजता घरी निरोप जातो हे कळल्यावर बाई रोज त्या वेळेला खुर्ची ओढत ऑफिसच्या दाराशी यायच्या. "काही आलं का गं?" मी पाटीवर लिहायची, 'नाही. कामात असतील.' वर्षभरानंतर त्यांनी विचारणं सोडलं. खुर्चीही खिडकीकडे गेली.

मुलगा दोन वर्षांपूर्वी एकदाच आला होता, न कळवता. बाईंनी भिंतीकडे तोंड केलं ते तो जाईपर्यंत वळवलं नाही. बाहेर मीही त्याला चांगलं सुनावलं. "आता झाली होय आठवण?" तो म्हणाला, "पण सिस्टर, तुम्हीच तर रोज..." मी त्याचं वाक्य पुरं होऊ दिलं नाही. गोळ्यांची वेळ झाली होती.

त्या अर्ध्या वाक्याचा अर्थ आता माझ्यासमोर पडद्यावर होता. डावीकडे त्याचे निरोप, उजवीकडे आमचे.

त्याने लिहिलं होतं, 'आई माझ्यावर रागावली आहे का?' दुसऱ्या दिवशी सात वाजता आमच्याकडून गेलं होतं, 'आज त्या आनंदात होत्या.'

त्याने लिहिलं होतं, 'तिला सांगा, मी रोज विचारतो.' आमच्याकडून, 'सर्व काही ठीक आहे. काळजी नसावी.'

आणि मग, 'पुढच्या महिन्यात रजा मिळतेय. येऊ का? तिला चालेल का, एवढं विचारून सांगा.' आमच्याकडून, 'त्यांना सध्या शांततेची गरज आहे. कृपया समजून घ्यावे.'

खाली त्याचं एवढंच, 'बरं.'

"हे वाक्य मी त्या सहा नंबरच्या खोलीतल्या आजोबांसाठी लिहिलं होतं," साहेब हळूच म्हणाले. "त्यांची सून सारखी फोन करायची म्हणून."

माझं डोकं चालेना. चूक कुणाची म्हणायची? यंत्राने कुणाला फसवलं नव्हतं, साहेबांनी वाईट हेतूने काही लिहिलं नव्हतं, मुलाने विचारायचं सोडलं नव्हतं. राहिले मी. मी चार खुणा केल्या असत्या तर यंत्राने आपल्या मनाचं वाक्य उचललंच नसतं. पण मग त्याच्या प्रश्नाचं उत्तर तरी कुठे मिळणार होतं? मी तिथे खुर्चीत बसून राहिले आणि मला रडू आलं.

ते सगळं कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायची सोय होती, पण फक्त पैसे भरणाऱ्यांना. सहा वाजता केबिन बंद झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळचं काम उरकून नऊ वाजता मी वही आणि जाड पेन घेऊन साहेबांच्या कॉम्प्युटरसमोर मुलाचे निरोप उतरवायला बसले. बाईंना बारीक दिसत नाही म्हणून मोठ्या अक्षरात, एका पानावर तीनच निरोप. बावीस वर्षं मी ताप, नाडी, रक्तदाब हातानेच उतरवत आले. समोर काही दिसलं की माझा हात पेनाकडे जातो. मध्ये दोनदा उठावं लागलं. मी पहिल्या निरोपापासून सुरुवात केली होती. जरा अक्कल असती तर शेवटापासून केली असती.

बारा वाजले तेव्हा माझे एकशे नऊ झाले होते. पडदा पांढरा झाला आणि त्यावर 'आमची सेवा निवडल्याबद्दल आभार' असं काहीसं आलं. चारशेच्या वर होते त्याचे. पुढच्या तीनशेत तो रडला, चिडला की त्याने आईचा नाद सोडला, आता कुणालाच कळणार नव्हतं.

"अहो सिस्टर, मोबाईलवर फोटो का नाही काढलेत?" साहेबांनी विचारलं. हे आम्हा दोघांपैकी एकालाही बारा वाजेपर्यंत सुचलं नव्हतं.

दुपारी मी वही बाईंच्या मांडीवर ठेवली. त्या भिंग घेऊन वाचायला लागल्या. दहा-बारा पानं झाली. मग बोट ठेवून विचारलं, "हे कधीचं?"

मी पाटीवर लिहिलं, 'तीन वर्षांपासूनचं.'

"मग मला आज का दाखवतेस?"

'माझं चुकलं. कुणी बघितलंच नाही. त्यांना वाटलं आम्ही उत्तर देतोय.'

बाईंनी पाटी वाचली. आता बोलतील, आता माझी कानउघाडणी करतील म्हणून मी उभीच होते.

"अक्षर सुधारलंय तुझं," त्या म्हणाल्या आणि पुढचं पान उलटलं.

'येऊ का' असं विचारलेल्या पानावर त्या थांबल्या. खाली मी आमचं उत्तर लिहिलं नव्हतं. धीर झाला नव्हता.

"पेन्सिल दे."

त्या रिकाम्या जागेत त्यांनी लिहिलं, 'ये'. सावकाश, ओळ न सोडता. खाली सही केली आणि आजची तारीख घातली.

मी घाईघाईने पाटीवर लिहिलं, 'बाई, हा प्रश्न जुना आहे. नंतर त्यांनी काय लिहिलं ते पुसलं गेलं. कदाचित आता...'

"मुलाने प्रश्न विचारला की उत्तर द्यायचं असतं," त्या म्हणाल्या. "उशीर झाला तरी. पाठव."

मी त्या पानाचा फोटो काढला आणि माझ्या स्वतःच्या मोबाईलवरून त्याच्या नंबरवर पाठवला. सोबत काय लिहावं सुचेना. शेवटी लिहिलं, 'मी सिस्टर. हे मी स्वतः पाठवते आहे. अक्षर तुमच्या आईचं.'

फोटो गेला. त्याने बघितला की नाही ते काही कळेना. त्याचा नंबर तरी तोच राहिला होता का, देव जाणे.

सातला दहा मिनिटं कमी असताना कॉरिडॉरमध्ये खुर्ची सरकल्याचा आवाज आला. बाई ऑफिसच्या दाराशी येऊन बसल्या होत्या. केस विंचरलेले.

"आलं की मला कसं कळणार?" त्यांनी विचारलं.

मी मोबाईल त्यांच्या तळहातावर ठेवला, ऑफिसच्या फोनवरून त्यावर रिंग दिली आणि तो थरथरताना त्यांना दाखवला. बाईंनी मान डोलावली. कळलं. मग बाकीच्या तेरा घरी मी ऑफिसच्या फोनवरून एकेक करून कळवलं, जेवले, झोपले, बरे आहेत. माझ्या मोबाईलवर आज कुणी फोन करू नका, एवढंही सांगितलं. प्रत्येकाने कारण विचारलं, मी 'उद्या सांगते' म्हटलं.

साडेआठला मी गोळी आणि पाणी घेऊन गेले. बाई तिथेच होत्या. एरवी त्या एका हातात गोळी घेतात, दुसऱ्या हातात पेला धरतात. आज त्यांनी एकच हात पुढे केला, दुसऱ्या मुठीत मोबाईल होता. पेला मीच त्यांच्या ओठांना लावला.